इंग्रजीतील 'टेदर' हा शब्द: अर्थ, व्युत्पत्ती आणि मराठीतील त्याची जागा

प्रश्न असा आहे: पशुपालनाविषयीच्या इंग्रजी मजकुरात वारंवार येणाऱ्या 'टेदर' या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, तो मुळात कोठून आला, 'हॉल्टर', 'हॉबल', 'पिकेट', 'लीश' या शब्दांपासून तो वेगळा कसा, आणि मराठीत त्यासाठी दर वेळी 'दावे' हाच शब्द वापरला तर चालेल का? पशुवैद्यकीय आणि शेतीविषयक इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. या एका शब्दाच्या भाषांतरात अर्थ निसटताना मी इतक्या वेळा पाहिला आहे की उत्तर थोडक्यात आटोपणे मला योग्य वाटत नाही.

आधी उच्चार. हा शब्द 'वेदर' आणि 'लेदर' यांच्याशी यमक जुळणारा आहे. म्हणून 'टेथर' असे न लिहिता 'टेदर' लिहावे. नाम म्हणून त्याचा अर्थ जनावर बांधण्याचा दोर किंवा साखळी, आणि क्रियापद म्हणून अशा दोराने बांधून ठेवणे. शब्दकोशात एवढेच सापडते आणि तेवढ्यावर थांबल्यास शब्दाचा गाभा हाती लागत नाही. टेदरमध्ये तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: जमिनीत रोवलेला खुंटा, मेख किंवा झाडाचे खोड यांसारखा न हलणारा बिंदू, जनावराच्या मानेला, म्होरकीला किंवा पायाला अडकवलेले दुसरे टोक, आणि या दोहोंमध्ये जनावराला हिंडून चरता येईल एवढी लांबी. यांपैकी लांबी ही सर्वांत महत्त्वाची. जनावर जागचे हलू नये म्हणून त्याला खांबाशी आवळून बांधले, तर इंग्रज शेतकरी त्याला 'टाय' म्हणेल. जनावराने चरावे, पण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये, यासाठी बांधले तर ते 'टेदर' होते. म्हणजे या शब्दात बंधन जितके आहे, तितकीच मोकळीकही आहे, आणि त्या मोकळिकीचे माप दोराच्या लांबीने ठरते.

शाळेच्या भूमितीत कुरणात बांधलेल्या घोड्याचे किंवा गाईचे जे उदाहरण येते, ते टेदरचेच आहे. दोर 5 मीटरचा असेल तर जनावराच्या वाट्याला सुमारे 78.5 चौरस मीटर गवत येते. दोर 10 मीटरचा केला की ते 314 चौरस मीटर होते. दोर दुप्पट केल्याने चराऊ जागा चौपट होते, ही गोष्ट शेतकऱ्याला गणिताशिवायही ठाऊक असते, आणि म्हणूनच टेदरविषयी बोलताना त्याच्या तोंडी पहिला प्रश्न लांबीचा असतो. पुढे या शब्दाला जे लाक्षणिक अर्थ फुटले, ते सगळे याच एका गुणातून फुटले आहेत.

आता व्युत्पत्ती. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लिखित स्वरूपात दिसतो. त्या काळचे लेखन एकसारखे नव्हते. मधला वर्ण कधी 'द' सारखा, तर कधी 'ड' सारखा लिहिलेला सापडतो. त्याआधीच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातील जुन्या इंग्रजीच्या उपलब्ध लेखनात तो आढळत नाही. त्यामुळे तो स्कँडिनेव्हियाहून आलेल्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतून, तिच्यातील 'ट्योद्र' या शब्दावरून इंग्रजीत शिरला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. आजच्या आइसलँडिक भाषेत तोच शब्द 'ट्योदुर' या रूपात जिवंत आहे, आणि डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, डच व उत्तर जर्मनीतील लो जर्मन या भाषांतही त्याची भावंडे आहेत. प्राचीन उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण जर्मनच्या जुन्या रूपात, मात्र याच कुळातील शब्दाचा अर्थ गाडीची दांडी असा होतो. ओढणारे जनावर जिथे जखडले जाते ती जागा, अशी त्या अर्थाची संगती लागते. एवढ्या भाषांत शब्द पसरलेला असल्याने तो जर्मानिक कुळाच्या सामायिक वारशातला आहे हे स्पष्ट होते, आणि अभ्यासक त्याचे मूळ रूप साधारण 'टेउद्र' असे मांडतात.

नॉर्स भाषेतून असा शब्द इंग्रजीत येण्यात नवल नाही. डेन लोकांची मोठी फौज 865 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली, आणि 876 पासून यॉर्कच्या परिसरात त्या लोकांनी जमिनी वाटून घेऊन शेती सुरू केली. लुटारू म्हणून आलेल्या माणसांची नंतरची पिढी नांगर धरणारी आणि गुरे राखणारी होती, आणि शेजारच्या इंग्रज शेतकऱ्याशी तिचा रोजचा व्यवहार होता. म्हणूनच नॉर्सकडून इंग्रजीला मिळालेले शब्द दरबारी वा पंडिती नसून 'एग', 'नाइफ', 'स्काय', 'विंडो' यांसारखे घरगुती आहेत. गुरांशी निगडित शब्दही त्यांत आहेत. 'फेलो' हा शब्द ज्या नॉर्स शब्दावरून आला, त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ गुरेढोरे आणि त्यावरून धन असा होता. आपले धन एकत्र करणारा भागीदार तो 'फेलो'. गळाला लावण्याच्या आमिषासाठी वापरला जाणारा 'बेट' हा शब्द 'चावायला लावणे, चारणे' या अर्थाच्या नॉर्स क्रियापदाशी जोडलेला आहे. टेदर याच पंक्तीतला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडच्या शेतीची रचनाही लक्षात घ्यावी. बऱ्याच भागांत गावाची शेतजमीन मोठ्या उघड्या पट्ट्यांत विभागलेली असे आणि दोन माणसांच्या पिकांमध्ये कुंपण नसे. बांधावरचे किंवा स्वतःच्या तुकड्यातले गवत चारायचे, पण जनावर शेजाऱ्याच्या उभ्या पिकात जाऊ द्यायचे नाही, हा पेच दोर आणि खुंट्यानेच सुटत असे. कापणी होईपर्यंत शेतात जनावर चारायचे तर ते बांधूनच, आणि तेही आपल्याच जमिनीवर, अशा आशयाचे नियम गावोगावच्या मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायसभा करीत. पुढे जमिनींना कुंपणे घातली गेली, अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले, नंतर विजेच्या तारांची कुंपणे आली, आणि टेदरची गरज कमी होत गेली. शब्द मात्र मागे पडला नाही.

जर्मानिक मूळ रूपाच्याही मागे जाऊन 'बांधणे, जखडणे' अशा अर्थाचा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या समान पूर्वज भाषेतला, धातू आणि त्याला लागलेला साधनवाचक प्रत्यय अशी फोड मांडली जाते. हा प्रत्यय मराठी वाचकाला परका नाही. पात्र, शस्त्र, वस्त्र यांत जो 'त्र' आहे, तोच हा प्रत्यय: पिण्याचे साधन ते पात्र, कापण्याचे साधन ते शस्त्र. जुवाला बैल जोडण्याच्या दोरीला वेदकाळापासून 'योक्त्र' म्हणतात, त्यातही तोच आहे. त्या न्यायाने टेदर म्हणजे 'बांधण्याचे साधन', आणि योक्त्र हा त्याचा रचनेने सर्वांत जवळचा संस्कृत नातेवाईक.

येथे एका मोहापासून सावध करणे आवश्यक वाटते. इंग्रजीतील 'ट' आणि संस्कृतातील 'द' यांची जोडी नियमित आहे: द्वि आणि टू, दशन् आणि टेन, दन्त आणि टूथ. मग दोरी या अर्थाचा संस्कृत 'दामन्' आणि टेदर हे सख्खे भाऊ असलेच पाहिजेत, असे चटकन वाटते, आणि तसे ठासून लिहिलेले मी वाचलेही आहे. 'दामन्' हा शब्द बांधणे या अर्थाच्या 'दा' धातूपासून आला आहे; ग्रीक भाषेत 'बांधणे' यासाठी जे क्रियापद आहे आणि ज्यापासून मस्तकावरच्या पट्ट्याला 'डायडेम' हे नाव पडले, ते त्याच धातूचे. टेदरच्या मूळ रूपात मात्र 'एउ' हा संयुक्त स्वर आहे आणि तो या धातूपासून सरळ निघत नाही. अर्थ जुळतो, आद्य व्यंजन जुळते, पण स्वर जुळत नाही. अशा वेळी नाते सांगू नये.

'दामन्' या शब्दाचे खरे वारस आपल्याकडेच आहेत. मराठीतील 'दावे' हा त्याच्यापासून आला, आणि वासरे ओळीने बांधण्याच्या लांब दोरीला संस्कृतात 'दामनी' म्हणत, तिची वंशज आपली 'दावण'. यशोदेने पोटाला दोर बांधला म्हणून कृष्ण दामोदर झाला, त्या नावातही हाच शब्द आहे. त्याच 'दा' धातूचा आणखी एक शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचा गोठ्याशी संबंध आहे हे सहसा ध्यानात येत नाही: तो 'निदान'. ऋग्वेदात 'निदान' म्हणजे बांधण्याची दोरी. कार्य ज्या कारणाशी बांधलेले असते ते मूळ कारण, असा अर्थ त्याला नंतर आला, आणि तेथून तो रोगाच्या निदानापर्यंत पोहोचला.

आता शेजारच्या इंग्रजी शब्दांकडे वळतो. 'हॉल्टर' म्हणजे जनावराच्या डोक्यात अडकवायचा साज, आपली म्होरकी. टेदरचे एक टोक हॉल्टरला बांधता येते, परंतु हॉल्टर म्हणजे टेदर नव्हे. 'लीश' म्हणजे कुत्र्याला फिरवताना धरायची दोरी; ती माणसाच्या हातात असते, म्हणून तिचा बिंदू चालता असतो. 'हॉबल' मध्ये बिंदूच नसतो: जनावराचे दोन पाय आखूड दोरीने एकमेकांना बांधतात, त्यामुळे ते चरत हळूहळू कोठेही जाऊ शकते, फक्त पळू शकत नाही. उघड्या माळावर खुंट्याला बांधण्यापेक्षा हॉबल सोयीचे पडते. 'क्लॉग' म्हणजे ओढत न्यावा लागेल असा ओंडका, म्हणजेच आपले लोढणे. दोन्ही भाषांत या शब्दांना नको असलेल्या अडथळ्याचा अर्थ स्वतंत्रपणे आला आहे.

'पिकेट' हा शब्द थोडा अधिक वेळ मागतो. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ टोकदार खुंटी. लष्कराच्या छावणीत घोडे अशा खुंट्यांना बांधत किंवा खुंट्यांमधून ताणलेल्या लांब दोराला ओळीने बांधत. या दोराला 'पिकेट लाइन' म्हणतात आणि तिच्यासाठी मराठीत 'दावण' हा तंतोतंत शब्द आहे. पुढे सज्ज राहणाऱ्या पहाऱ्याच्या तुकडीला पिकेट म्हणू लागले, आणि त्यावरून संपकऱ्यांनी कारखान्याच्या दारात उभे राहण्याला 'पिकेटिंग' हे नाव मिळाले. स्वातंत्र्यलढ्यात दारूच्या दुकानांपुढे झालेल्या पिकेटिंगमुळे हा शब्द मराठीतही रुळला. घोड्याची अगाडी-पिछाडी बांधणे, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांनाही दोर लावणे, हा प्रकार टेदरपासून पुष्कळ दूरचा आहे. त्यात हिंडण्याची मोकळीक उरतच नाही.

घोड्याच्या पायाच्या, खुराच्या लगेच वर असलेल्या भागाला इंग्रजीत 'पेस्टर्न' म्हणतात. हा शब्द मुळात अवयवाचा नव्हे. कुरणात सोडलेल्या घोड्याच्या पायात अडकवायच्या बेडीचा आहे, आणि बेडी जिथे बसते त्या भागाला नंतर तेच नाव पडले. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात पेस्टर्न म्हणजे घोड्याचा गुडघा असे दिले. त्याचे कारण एका बाईंनी विचारले तेव्हा त्यांनी निव्वळ अज्ञान, असे उत्तर दिल्याचे नमूद आहे. जनावराजवळ उभे राहिल्याशिवाय हे शब्द नीट कळत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

लाक्षणिक अर्थ सोळाव्या शतकापासून सापडतात. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकात पोलोनियस आपल्या मुलीला बजावतो की राजपुत्र तरुण आहे आणि तिला मिळेल त्यापेक्षा लांब टेदरवर त्याला वावरता येते. भाषांतर करताना येथे 'बंधन' लिहिले तर वाक्य बिघडते, कारण बोलणाऱ्याचा सारा भर लांबीतील फरकावर आहे: दोर दोघांनाही आहे, परंतु त्याचा लांब आणि हिचा आखूड. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मानवी आकलनावरच्या, 1690 हे वर्ष छापलेल्या ग्रंथात, बुद्धीने आपल्या टेदरच्या शेवटच्या टोकाशी पोहोचल्यावर थांबावे असे म्हटले आहे. तेथेही दोर म्हणजे बुद्धीची कैद नव्हे, तर तिच्या आवाक्याची हद्द आहे.

यातूनच 'टेदरच्या टोकाला असणे' हा आजचा वाक्प्रचार समजतो. आवाक्यातले गवत संपले आहे, दोर ताणला गेला आहे आणि पुढे जाता येत नाही, अशी जनावराची अवस्था त्यात आहे. माणसाच्या बाबतीत सहनशक्ती, उपाय किंवा बळ संपणे. अमेरिकेत त्याच अर्थाने 'रोप' म्हणजे दोर हा शब्द वापरतात, आणि त्यामुळे काही वाचकांचा समज फाशीच्या दोराकडे जातो; तो समज चुकीचा आहे. मराठीत 'आता माझा अगदी अंत झाला', 'आता सहन होत नाही' किंवा 'माझे सगळे उपाय थकले' असे संदर्भानुसार लिहावे. 'मी दाव्याच्या टोकाला आलो' असे शब्दशः लिहिल्यास मराठी वाचकाला काहीच बोध होणार नाही.

साहित्यात या दोराचे सर्वांत जिव्हाळ्याचे चित्र स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्याकडे आहे. त्यांच्या 1786 च्या पहिल्या काव्यसंग्रहात मेली नावाच्या पाळीव मेंढीवर कविता आहे. मेली आपल्या कोकरांसह दोरावर चरत असताना तिच्या खुराला दोराचा वेढा पडतो आणि ती चरात कोसळते. मरताना ती मालकाला निरोप पाठवते, की यापुढे तागाच्या किंवा केसांच्या दोराने माझ्या जातीला बांधू नकोस. कवितेतला अपघात खरा वाटतो, कारण तो आजही तसाच घडतो. लांब दोराने जनावर मोकळे राहते, आणि त्याच लांबीमुळे दोर पायात गुंततो, पीळ पडून आखडतो, झुडपात अडकतो. म्हणून जाणते पशुपालक साखळीत भोवरकडी, म्हणजे गोल फिरून पीळ पडू न देणारी कडी, घालतात, आसपास झुडूप, चर किंवा उतार नसलेली जागा निवडतात आणि बांधलेल्या जनावराकडे दिवसातून अनेकदा फेरी मारतात. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या देखभालीसाठी असलेल्या सरकारी मार्गदर्शक संहितेतही, टेदर हा जनावर दीर्घकाळ ठेवण्याचा योग्य मार्ग नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अन्नपाणी शोधणे, कुत्र्यांपासून पळणे, ऊन-थंडी टाळणे हे बांधलेल्या जनावराला जमत नाही, हे त्यामागचे कारण आहे. आपल्याकडे मुक्त संचार गोठ्याचा जो आग्रह धरला जातो, त्यामागेही जनावराला स्वतःहून पाण्याकडे आणि सावलीकडे जाता यावे हाच विचार आहे, आणि तो मला मनापासून पटतो.

आधुनिक वापरांविषयी थोडक्यात लिहितो. मोबाइलचे इंटरनेट संगणकाला जोडण्याला 'टेदरिंग' म्हणतात, डॉलरशी मूल्य बांधलेल्या एका आभासी चलनाचे नावच टेदर आहे, आणि युरोपीय संघात जुलै 2024 पासून 3 लिटरपर्यंतच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांचे झाकण बाटलीला जोडलेले असणे बंधनकारक झाले, त्या झाकणालाही 'टेदर्ड' म्हणतात. अमेरिकन अंतराळवीर ब्रूस मॅककँडलेस 7 फेब्रुवारी 1984 रोजी कोणत्याही दोराविना यानापासून दूर तरंगले, म्हणून ते पहिले 'अनटेदर्ड' अंतराळभ्रमण ठरले. वैद्यकात मज्जारज्जूचे खालचे टोक ऊतींना चिकटून राहिल्याने मूल वाढताना तो ताणला जाण्याच्या विकाराला 'टेदर्ड कॉर्ड' म्हणतात. या सगळ्यांत एक टोक स्थिर असणे आणि दुसऱ्याने हलू पाहणे हा मूळ आराखडा कायम आहे.

राहिला मराठी पर्यायाचा प्रश्न. 'दावे' हा चांगला, जुना आणि जिवंत शब्द आहे, पण आपल्याकडे दावे प्रामुख्याने गोठ्यातले आणि आखूड असते. लांबीची आणि चरण्याची सूचना त्यात आपोआप येत नाही. म्हणून चराईच्या संदर्भात मी 'लांब दाव्यावर चरायला बांधणे' असे लिहितो, गोठ्याच्या संदर्भात 'दाव्याला बांधणे', आणि अनेक जनावरांच्या संदर्भात 'दावणीला बांधणे'. यंत्रे, अंतराळ आणि मोबाइल यांच्या बाबतीत 'टेदर' हाच शब्द देवनागरीत ठेवणे इष्ट. तेथे दावे घातल्यास वाचक अडखळतो.

कायद्याच्या भाषांतरात विशेष काळजी घ्यावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या भारतीय कायद्याच्या कलम 11 मध्ये, कोणताही प्राणी अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध ठरवला आहे, आणि मूळ इंग्रजीत तेथे 'टेदर' हे क्रियापद आहे. मसुदाकारांनी दोराची लांबी, त्याचे वजन आणि बांधून ठेवण्याचा काळ या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. नुसते 'प्राण्यास बांधून ठेवणे' असे लिहिले तर तिन्ही गळतात. शिवाय न्यायालयीन मजकुरात 'दावे' हे अरबीतून आलेल्या 'दावा' या शब्दाचे अनेकवचनही असते. त्यामुळे अशा मजकुरात एकटे 'दावे' न वापरता 'बांधण्याचा दोर' किंवा 'दाव्याचा दोर' असे पूर्ण लिहावे, आणि त्याला 'आखूड' व 'जड' ही विशेषणे मुळाप्रमाणे लावावीत.